शिशाची माती आणि बांगड्याचे काटे

आमच्या मागीलदारी भाडेकरूची बॅटऱ्या चार्ज करायची शेड होती. तो गेला, शेड पडली, आणि मी तिथे अळू-माठ लावायला निघाले. भाचा म्हणाला, आधी माती तपास. शिसं निघालं. नेहमीच्या मृदा आरोग्य पत्रिकेत शिसं तपासत नाहीत. प्रयोगशाळेला वेगळं सांगावं लागतं.

खत घालून शिसं नाहीसं होत नाही. पूर्ण कुजलेलं खत त्याला धरून ठेवतं, मुळांना सहज मिळू देत नाही, इतकंच. म्हणून कच्चं शेण नको. त्यातला पाण्यात विरघळणारा अंश धातूला उलट सोबत घेऊन विहिरीकडे जाऊ शकतो.

आधी सामू, म्हणजे मातीची आम्लता (pH). आमची जांभ्याची तांबडी माती, सामू 5.4. आम्लात शिसं सुटतं. गुंठ्याला 15 किलो शेतीचा चुना घातला नि 15 दिवस थांबले. घाटावरच्या काळ्या रानात हे करू नका, तिथे सामू बहुधा आठाच्या आसपास असतोच.

मग खत: गुंठाभर दोन इंच थर, म्हणजे जवळजवळ दोन ब्रास (एक ब्रास 100 घनफूट). वीतभर खोल मिसळायचं. खणताना पाणी शिंपडा, धूळ उडाली की पोरांच्या तोंडात जाते. शहरी कचऱ्याचं खत फुकट मिळालं तरी अहवाल मागा. खत नियंत्रण आदेशात शिशाची मर्यादा किलोमागे 100 मिलिग्रॅम आहे. नाहीतर शिशावर उतारा म्हणून शिसंच घालाल!

माझा लाडका भाग काट्यांचा. बांगडा माशाचे काटे उकडून, कडक वाळवून, कुटून मिसळले (मांजरांनी आठवडाभर उच्छाद मांडला). काट्यांतल्या फॉस्फेटशी शिसं जुळून सहसा न विरघळणारं खनिज बनतं. अमेरिकेत ओकलंडच्या एका वस्तीत 2011 च्या सुमारास अंगणांत माशांची हाडं अशीच मिसळली होती. पण मातीत आर्सेनिक असेल तर हा उपाय टाळा. फॉस्फेट त्याला मोकळं करतं.

वरून झावळ्यांचं आच्छादन. पालेभाजी, मुळा, रताळं नाही. भेंडी, वांगी, दुधी चालतात, स्वच्छ धुऊन. खत कुजून कमी होतं, म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी अर्धा इंच थर आणि मातीची पुन्हा तपासणी.

अळू आता जुन्या पिंपात आहे, विकतच्या मातीत.