सुताराने इंटिरियर डिझाइन शिकताना सुरुवात कुठून करावी

बारा वर्षं रंधा चालवल्यावर मी संध्याकाळच्या वर्गाला बसलो. तुम्हीही बसणार असाल, तर आधी सॉफ्टवेअरमागे धावू नका, ड्रॉइंग वाचायला शिका. घरच्याच स्वयंपाकघराची मापं घ्या आणि प्लॅन (वरून दिसणारा आराखडा), एलिव्हेशन (समोरून दिसणारी बाजू), सेक्शन (उभा छेद घेऊन दिसणारा आतला भाग) १:२० प्रमाणात हाताने काढा. खरा १ मीटर कागदावर ५ सेंटीमीटर.

आपण सुतात बोलतो, ड्रॉइंग येतं मिलिमीटरमध्ये. १ इंच म्हणजे ८ सूत, म्हणजे २५.४ मिमी. हे तोंडपाठच हवं. १८ मिमीच्या प्लायला पाऊण इंच धरलं की फळीमागे १ मिमी चुकतो. सहा उभ्या फळ्यांत जवळपास दोन सूत! एका कपाटाचे ड्रॉवर मला त्यापायी पुन्हा बांधावे लागले.

मग प्रत्येक मापाचं कारण विचारा. कपाट २४ इंच खोल का? हँगर साधारण १७ इंचांचा, शिवाय कपड्यांचा फुगवटा. ओट्याची उंची मी आता स्वयंपाक करणाऱ्या बाईंना उभं करून, कोपरापासून चार-सहा इंच खाली धरतो. आईचा ओटा तसाच नव्याने बांधला, तिची पाठ आता कमी दुखते.

रंगसंगती, प्रकाशयोजना त्यानंतर घ्या.