गढीतला खून: व्हिक्टोरियाकालीन रहस्यकादंबरी मराठवाड्यात कशी रचावी

साल आधी ठरवा, मग खून. राणी व्हिक्टोरियाची कारकीर्द १८३७ ते १९०१. एवढ्या काळात कायदा, पोलीस, प्रवास सगळंच बदललं. शिवाय मराठवाडा निजामाचा, त्यामुळे इंग्रजी कायदा इथे आपोआप लागू नव्हता. मुडदा दिवाणी मुलुखात (म्हणजे थेट निजाम सरकारच्या ताब्यातल्या) सापडला, कोणाच्या जहागिरीत, की औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद (म्हणजे अंबाजोगाई) इथल्या छावणीत, यावर तपास कोणाचा ते ठरतं. धाराशिव-नळदुर्गाचा भाग तर १८५३ च्या तहाने कंपनीकडे गेला आणि १८६० मध्ये निजामाकडे परत आला. १८५९ च्या अखेरीस खून घडवा: साक्षीदार तेच राहतात, सरकार बदलतं. असा पेच आयता मिळत असेल तर सोडू नये.

लंडनच्या सरदारघराण्यांचे रिवाज गढीला चिकटवू नका. भेटीआधी कार्ड धाडणं, विधवेने दोन-अडीच वर्षं सुतकी काळे कपडे घालणं, हे छावणीतल्या गोऱ्या कुटुंबांपुरतं ठेवा. देशमुखाच्या वाड्यात परका पुरुष ढाळजेपुढे (दरवाजालगतच्या बैठकीपुढे) जात नाही. तपास करणारा कितीही हुशार असो, अर्धा वाडा त्याला बंदच. म्हणून कासारीण आणा. बांगड्या भरताना प्रत्येकीचा हात तिच्या हातात असतो. मनगटावरचा वळ तिला दिसतो, कोणाच्या बांगड्या अवेळी फुटल्या हेही तिला कळतं.

विषात बहुतेकजण फसतात. सोमलाने (आर्सेनिकने) उलट्या-जुलाब होतात, अगदी पटकीसारखे (कॉलऱ्यासारखे). त्यामुळे पटकीच्या साथीत कोणाला संशय येत नाही. पण मग गावात आणखी चार रोगी दाखवावेच लागतील. एकट्या मालकालाच पटकी झाली तर वाचक तिसऱ्या प्रकरणात खुनी ओळखतो. सोमल पकडणारी मार्शची चाचणी १८३६ पासून आहे, मात्र लंडनच्या गोष्टीत थडगं उकरतात तसं इथे जमत नाही, कारण प्रेत बहुधा त्याच दिवशी जळतं. पुरावा मग उरलेल्या कढीच्या भांड्यात किंवा दुकानदाराच्या वहीत ठेवा. प्रेत उकरायचंच असेल तर मृत माणूस लिंगायत किंवा मुसलमान घराण्यातला घ्या, तिथे दफन होतं.

आमच्या मते इथल्या मातीतलं सर्वांत अस्सल हत्यार म्हणजे पेव, धान्य साठवायचा खड्डा. जमिनीखालच्या बंद पेवात ज्वारी श्वसन करत राहते, प्राणवायू संपतो, जड वायू तळाशी साचतो. तोंड उघडल्या उघडल्या उतरणारा माणूस काही क्षणांत कोसळतो. त्याला काढायला गेलेलाही. अंगावर जखम नाही, पोटात विष नाही. जाणकार माणूस पेव उघडं टाकून हवा खेळू देतो, मग दिवा सोडून बघतो. दिवा विझला तर उतरत नाही. तेव्हा खरा प्रश्न असा विचारायला लावा: दिवा सोडून पाहिला, असं कोणी सांगितलं? आणि दुसरा बळी जाऊ द्यायचा की नाही, हे लिहायला बसण्याआधी ठरवा, नाहीतर आरडाओरड ऐकून धावलेला गडी नाहक मरतो आणि कथानक तिथेच अडकतं.

कागदपत्रांत चूक लपवणं सोपं आहे. निजामाच्या दरबारी कारभारात फारसीची जागा उर्दूने १८८४ च्या सुमारास घेतली. १८६० चा म्हणून पुढे केलेला सरकारी हुकूम उर्दूत असेल तर तो बनावट. घरचा हिशेब मोडीत. फसली सनात (निजामाच्या महसुली वर्षात) ५९० मिळवलं की साधारण इसवी सन येतो. रक्कम लिहिताना हाली सिक्का (निजामाचा रुपया) की कलदार (इंग्रजी रुपया) ते सांगा: गढीच्या वहीत अचानक कलदार रुपये जमा दिसले, तर पैसा इंग्रजी मुलखातून किंवा छावणीतून आला असावा.

बोटांच्या ठशांचा मोह आवरा. कलकत्त्याचं ठसे कार्यालय १८९७ चं.

शेवटी कोण कधी कुठे होतं याचा तक्ता करा. औरंगाबादला रेल्वे १९०० च्या सुमारास पोचली. त्याआधी मुंबईहून येणारा नांदगाव स्टेशनला उतरून पुढे टांग्याने येई. रात्री मुंबईत असलेला पुतण्या सकाळी गढीत दिसला, तर दोहोंपैकी एक गोष्ट खोटी आहे.