ऑफिसची पॉश पॉलिसी वाचताना काय बघायचं

जॉइनिंगला सही ठोकून मोकळे होतो आपण, पण ती पॉश पॉलिसी, म्हणजे कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचे नियम, एकदा नीट वाचाच. आधी कमिटी बघा, २०१३ च्या कायद्याने १० किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती लागतेच, अध्यक्ष सीनिअर बाई, निम्म्या तरी मेंबर बायका आणि एकजण बाहेरचा. मग संमती. गप्प बसली म्हणजे होकार नाही, मागे कधी हो म्हटलेलं आज चालत नाही, आणि प्रमोशन किंवा कॉन्ट्रॅक्टच्या बदल्यात काही मागणं, अगदी आडून सुचवणंसुद्धा, छळच (बॉसला नाही म्हणणं किती सोपं असतं माहितीये ना). तक्रार लेखी, ३ महिन्यांच्या आत, सबळ कारण असेल तर अजून ३ मिळू शकतात. छोट्या दुकानात असाल तर जिल्ह्याची स्थानिक समिती, आणि मेसेज डिलीट करू नका.