मराठी नोटीस, पत्रिका, पीडीएफ सगळ्यांना वाचता यावी म्हणून काय करायचं

सोसायटीची नोटीस असो, मंडळाची पत्रिका असो की शाळेचं पत्रक, हल्ली आपण इमेज बनवतो, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो आणि मोकळे होतो. दिसायला मस्त, पण ज्यांना दिसत नाही ते लोक अँड्रॉइडवर टॉकबॅक नाहीतर आयफोनवर व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय, लावून ऐकतात आणि त्यांना बऱ्याचदा फक्त 'फोटो' एवढंच ऐकू येतं. म्हणून पहिलं काम, इमेज खुशाल टाका पण तोच मजकूर खाली टाईपपण करा. बाकी काही जमलं नाही तरी एवढं कराच.

आता फॉन्टची भानगड. डीटीपीवाल्याकडून आलेली फाईल अजूनही कृतीदेव, शिवाजी नाहीतर श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये असू शकते. स्क्रीनवर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉन्टने त्यांना फक्त देवनागरीचा चेहरा दिलेला असतो, आणि स्क्रीन रीडर चेहरा बघत नाही, आत जे आहे ते वाचतो, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या कानावर नुसता कचरा येतो. ओळखायचं कसं? फाईलमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट करा. मराठी आली तर युनिकोड आहे, म्हणजे आत खरीच देवनागरी अक्षरं साठवलेली आहेत, भलतंच काहीतरी आलं तर कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या आणि नंतर एकदा वाचून बघा, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास गडबडतात.

युनिकोड केलं तरी भाषा सांगावी लागते. देवनागरी हिंदीचीपण आणि मराठीचीपण, नुसत्या लिपीवरून सॉफ्टवेअरला कळेलच असं नाही, मग आपली नोटीस हिंदी आवाजात ऐकावी लागते. वर्डमध्ये सगळा मजकूर सिलेक्ट करून रिव्ह्यू, लँग्वेज, सेट प्रूफिंग लँग्वेजमध्ये मराठी निवडा. तिथेच शीर्षकं नुसती बोल्ड न करता हेडिंग स्टाईल द्या, म्हणजे ऐकणाऱ्याला एका हेडिंगवरून दुसऱ्यावर उडी मारता येते. आणि पीडीएफ करताना प्रिंटमधून नको, सेव्ह अ‍ॅजमधून करा, प्रिंटमधून केली की ही हेडिंगं सहसा उडतात.

फोटोला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे स्क्रीन रीडरने वाचायचं वर्णन, द्यायचं तर 'कार्यक्रमाचा फोटो' असं लिहून काही उपयोग नाही, फोटो कशासाठी टाकलाय ते एका वाक्यात लिहा. निव्वळ सजावटीची वेलबुट्टी असेल तर डेकोरेटिव्ह म्हणून टिक करा, वर्णन नको.

रंगांबद्दल माझं मत जरा कडक आहे. भगव्यावर पिवळी अक्षरं कितीही शुभ वाटली तरी आजोबांना वाचता येत नाहीत. डब्ल्यूसीएजी नावाच्या जागतिक नियमावलीत साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागच्या रंगातला उजेडाचा फरक, सांगितलाय, फुकटच्या कॉन्ट्रास्ट चेकरमध्ये दोन रंग टाकले की आकडा मिळतो. 'लाल रंगातल्या नावांनी पैसे भरावेत' असलं लिहू नका, नावापुढे 'बाकी' लिहा. वेलांट्या आणि उकार एकमेकांत घुसू नयेत म्हणून ओळींमधलं अंतर दीडपट ठेवा. 'एक टाईप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांचा मुक्ता फॉन्ट फुकट आहे आणि छान वाचता येतो.

'दु. ४ वा.' ऐवजी 'दुपारी ४ वाजता' लिहा. दर ओळीला पाच-पाच इमोजी नकोत, प्रत्येकाचं नाव वाचून दाखवलं जातं. व्हिडिओ असेल तर सबटायटल द्या, आपोआप आलेली मराठी तपासून घ्या. आणि पत्ता देताना हॉल कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट किंवा रॅम्प आहे का, हेपण लिहा, व्हीलचेअरवाल्याला फोन करून विचारायला लावू नका.

पाठवायच्या आधी स्वतः टॉकबॅक लावून ऐका. फक्त चालू करण्याआधी सेटिंगमध्ये दोन्ही व्हॉल्यूम बटणांचा शॉर्टकट लावून ठेवा, कारण टॉकबॅक चालू झाला की एका टॅपने नुसतं वाचलं जातं, उघडायला डबल टॅप लागतो, स्क्रोल करायला दोन बोटं, आणि हे माहीत नसेल तर बंद करायचं बटण शोधतानाच घाम फुटतो.