कबुतराचे पिल्लू दिसत का नाही, आणि दिसले तर ओळखायचे कसे

कबुतरे रोज डोळ्यांपुढे असतात, पण त्यांचे पिल्लू पाहिलेला माणूस विरळा. पिल्ले कमी जन्मतात असे मुळीच नाही. खायला मिळत असेल तर एक जोडी वर्षातून अनेकदा दोन-दोन अंडी घालते. मात्र पिल्लू घरटे सोडते ते जवळजवळ आईबापांएवढे होऊनच. चिमणीचे पिल्लू उडायला लागल्यावरही लहान, गुबगुबीत आणि आखूड शेपटीचे दिसते, म्हणून ते लगेच कळते. कबुतराचे पिल्लू तुमच्या पायाशी दाणे टिपत असते आणि तुम्ही त्याला मोठे कबुतर समजून पुढे जाता.

म्हणून शोध थव्यापासूनच सुरू करावा. दाणे टिपणाऱ्या कबुतरांपासून चार-पाच मीटरवर शांत उभे राहा आणि आधी चोचीचे मूळ पाहा. मोठ्या कबुतराच्या नाकपुड्यांवरचा फुगवटा खडूसारखा पांढरा असतो. पिल्लाचा चपटा आणि करडा किंवा मळकट गुलाबी. मग डोळा. मोठ्याचे बुबुळ नारिंगी-लाल, पिल्लाचे गडद करडे-तपकिरी. तिसरी खूण मानेची: मोठ्याच्या मानेवर ऊन पडले की हिरवी-जांभळी झाक उठते, पिल्लाची मान मंद आणि मातकट राहते. पाय लालसर नसून काळपट असतात. डोक्यावर किंवा मानेवर पिवळ्या लवेचे दोन-चार धागे लटकत असतील तर शंकाच नको, ते पिल्लू घरट्याबाहेर येऊन फार दिवस झालेले नाहीत.

एकाच खुणेवर निर्णय देऊ नका. पांढऱ्या कबुतरांपैकी अनेकांचे डोळे मोठेपणीही काळेच असतात, आणि पिल्लांना भरवणाऱ्या आईबापांच्या नाकावरचा फुगवटा अन्न लागून मळतो. तीन खुणा जुळल्या तरच पिल्लू म्हणा. सर्वांत पक्की खूण वागण्यातली: एक कबुतर पंख फडफडवत, बारीक चिरका आवाज काढत दुसऱ्याच्या मागे धावते आणि त्याच्या तोंडात चोच खुपसू पाहते. पिल्लू घुमत नाही, चिरकते. पुढचे कबुतर बहुतेक वेळा बाप असतो, कारण आई तोवर पुढच्या अंड्यांवर बसलेली असते. पिल्लू बाहेर पडल्यावर हे भरवणे थोडेच दिवस चालते, त्यामुळे ही संधी छोटी असते.

आता घरटे. इतर पक्ष्यांचे घरटे आपल्याला सापडते ते बहुधा चोचीत किडा घेऊन सतत ये-जा करणाऱ्या आईबापांमुळे. कबुतर चोचीत काहीच नेत नाही. पहिले काही दिवस नर आणि मादी दोघेही गळ्यातल्या अन्नपिशवीच्या अस्तरातून सुटणारे दह्यासारखे घट्ट दूध पाजतात. पुढे त्यात भिजलेले दाणे मिसळू लागतात. पिशवी भरून आणली की एका खेपेत पोटभर जेवण होते, म्हणून फेऱ्या मोजक्याच. बसण्याच्या पाळ्याही ठरलेल्या: सकाळ उलटल्यावर संध्याकाळच्या आधीपर्यंत नर, उरलेला वेळ आणि रात्र मादी. दिवसभर घरट्यावर एकच कबुतर बसून असल्यासारखे वाटते ते त्यामुळे. खुणा शोधायच्या त्या खाली जमिनीवर. पुलाखाली, छज्जाखाली, एसीच्या बाहेरच्या युनिटमागे एकाच ठिकाणी ताज्या विष्ठेचा थर आणि दोन-चार काटक्या पडलेल्या दिसल्या, की नजर थेट वर न्या. जुन्या घरट्याच्या कडेला वाळलेल्या विष्ठेची उंच कड तयार झालेली असते. घरटे दिसले तरी हात घालू नका. जरा मोठे पिल्लू अंग फुगवून चोच कटकटवते, आणि लहान पिल्लू कडेवरून खाली पडू शकते.

अंडे सतराव्या ते एकोणिसाव्या दिवशी फुटते. मग वय असे ठरवा. डोळे मिटलेले, कातडीवर विरळ पिवळी लव: चार दिवसांच्या आतले. डोळे उघडलेले आणि पंखांवर पिसांच्या नळ्या फुटत असलेल्या: सुमारे आठवड्याचे. नळ्या अंगभर आणि काही टोकांशी फुटलेल्या: दहा-बारा दिवसांचे. पाठ पिसांनी झाकलेली, पण पंखाखाली उघडी कातडी: दोन ते अडीच आठवड्यांचे. पंखाखालीही पिसे आली, डोक्यावर तुरळक लव उरली: चार आठवड्यांच्या आसपास, म्हणजे उडण्याच्या बेतात. बहुतेक पिल्ले पंचविसाव्या ते बत्तिसाव्या दिवसात बाहेर पडतात. थंडीत आणखी उशीर होतो.

जमिनीवर पिल्लू सापडले तर पंख हळूच उचलून खालची बाजू पाहा. तिथे पिसे असतील आणि पिल्लू चालत असेल, तर ते उडायला शिकत आहे; मांजर-कुत्र्यापासून दूर जवळच्या उंच जागी ठेवा आणि दोन-तीन तास लांबून पाहा. पंखाखाली उघडे असेल आणि घरटे हाताच्या टप्प्यात असेल, तर परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप टाकून देत नाहीत. दहा दिवसांनंतर दिवसा पिल्लू एकटे दिसले म्हणून ते अनाथ समजू नये.

घरटे सापडत नसेल तर खोक्यात कापड घालून खालून ऊब द्या: कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एका बाजूला, म्हणजे गरम झाले की पिल्लाला सरकता येते. गार पिल्लाला काही भरवू नका, अन्न पचत नाही आणि पिशवीतच आंबते. दहा दिवसांच्या आतले पिल्लू पक्ष्यांच्या डॉक्टरकडे किंवा बचाव केंद्राकडेच न्या. गाईचे दूध आणि पाव दोन्ही चुकीचे. दोन आठवड्यांवरच्या पिल्लाला गोठवलेले मटार वितळवून कोमट पाण्यात टाकून एकेक भरवा. एका वेळी तीस ते चाळीस, दिवसातून दोन-तीनदा. कबुतराचे पिल्लू आ वासत नाही, म्हणून चोच हलकेच उघडून दाणा जिभेच्या मागे ठेवावा. ड्रॉपरने पाणी घशात सोडले तर ते श्वासनलिकेत जाते. उथळ भांड्यात चोचीचे टोक बुडवा, ते स्वतः ओढून पिते. पुढचे जेवण देण्याआधी गळ्याची पिशवी रिकामी झाली आहे का, बोटाने चाचपून पाहा. तोंडात पिवळसर, दह्याच्या गोळ्यासारखा थर दिसला तर तो संसर्ग आहे. त्याला औषध लागते.

हात साबणाने धुवा. वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नका. मास्क लावा, आधी पाणी शिंपडून ओली करा आणि मग खरवडा, कारण त्या धुळीतून फुप्फुसाचे आजार होतात.