जुन्या गाड्यांची संध्याकाळ : तयारीची यादी

खानदेशात जुन्या मोटारी एका संध्याकाळी एकत्र आणायच्या असतील, तर तारखेआधी ऋतू ठरवावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि दिवस मावळल्यानंतरही डांबरातून धग येत राहते. अशा हवेत इंजिनाला लागून बसवलेला फियाटचा पेट्रोल पंप इतका तापतो, की पेट्रोलची पंपातच वाफ होते, ती ओढली जात नाही आणि चांगली चालणारी गाडी रस्त्यात गप्प उभी राहते. पंपावर ओले फडके टाकून ती पुन्हा सुरू करण्याची युक्ती आपल्याकडच्या प्रत्येक फियाटवाल्याला ठाऊक आहे. परंतु ज्या भेटीसाठी पाहुण्यांना फडकी भिजवत यावे लागेल, ती भेट उन्हाळ्यात ठेवूच नये. डिसेंबर आणि जानेवारी हे आपले महिने आहेत. डिसेंबरात जळगावला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणून निमंत्रणात वेळ साडेचारची द्यावी. मावळतीच्या आधीच्या तासाभरात उन्हाची तिरीप पत्र्यावर आडवी पडते आणि तेव्हाच अ‍ॅम्बेसेडरच्या मडगार्डाचा फुगीरपणा, फियाटच्या बाजूने जाणारी सरळ रेघ आणि कुठल्या दारावर पूर्वी डेंटिंग झाले आहे हे सगळे एकाच वेळी दिसते. सहा वाजता बोलावलेल्या माणसांना हे काहीच दिसत नाही.

जागेचा विचार करताना मोकळ्या शेताचा मोह टाळावा. आपली काळी माती दवाने ओली झाली तरी टायरला चिकटते आणि कोरडी असली तर तिची धूळ ताज्या पुसलेल्या गाडीवर दहा मिनिटांत बसते. जिनिंगचे आवार ऐसपैस असते, पण याच महिन्यांत तिथे कापसाचे ढीग लागलेले असतात आणि तापलेल्या सायलेन्सरच्या गाड्या कापसाजवळ उभ्या करणे हा सरळ धोका आहे. माझ्या मते सर्वांत उत्तम जागा म्हणजे लग्नाची तिथी नसलेल्या दिवशी मिळणारे मंगल कार्यालयाचे आवार. तिथे मुरूम किंवा फरशी असते, कुंपण आणि फाटक असते, पाणी, स्वच्छतागृह आणि दिवे असतात आणि गाड्या रस्त्यावर उभ्या राहत नसल्यामुळे रहदारीला अडथळा होत नाही. तिथी मात्र पंचांगात पाहून मालकाकडून पक्की करून घ्यावी आणि गाड्या पंधराहून अधिक होणार असतील तर जवळच्या पोलीस ठाण्यात आधी कळवून ठेवावे.

गाडीची तयारी भेटीच्या आदल्या दिवशी सुरू करणाऱ्याची गाडी बहुधा भेटीच्या दिवशीच बिघडते. ती किमान पंधरा दिवस आधी सुरू करावी आणि तिची सुरुवात ब्रेकपासून करावी. जुन्या फियाट आणि अ‍ॅम्बेसेडर गाड्यांना चारही चाकांवर ड्रम ब्रेक आहेत. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत व्हील सिलिंडरचे रबर फुगते किंवा पाझरू लागते, म्हणून चारही ड्रम उघडून आतली बाजू कोरडी असल्याची खात्री करून घ्यावी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि ओलावा शिरलेले ऑइल ड्रम तापल्यावर लवकर उकळते; मग पायाखालचे पेडल अचानक पोकळ लागते. दोन वर्षांत बदलले नसेल तर ते पूर्ण काढून नवे भरावे. जे सोबती छत्रपती संभाजीनगरकडून कन्नडमार्गे येतील, त्यांना औट्रम घाट उतरून चाळीसगावला यायचे असते, तेव्हा त्यांनी हे काम टाळू नये आणि घाट ब्रेकवर न उतरता खालच्या गिअरमध्येच उतरावा.

त्यानंतर पेट्रोलची वाट तपासावी. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि साठ-सत्तरच्या दशकांतल्या गाड्यांचे रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरमधली रबरे त्यासाठी बनलेली नाहीत. ती कडक होतात किंवा मऊ पडून झिरपू लागतात आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकणे ही जुन्या गाडीला आग लागण्याची सर्वांत सरळ वाट आहे. इथेनॉल चालणारा नवा पाइप थोडक्या पैशांत मिळतो. टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिलेले पेट्रोल काढून टाकावे, कारण इथेनॉल पाणी ओढून घेते आणि ते पाणी तळाशी बसून टाकी आतून गंजवते. याच संदर्भात वेगाविषयीही सांगितले पाहिजे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. त्याआधीच्या इंजिनांत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ज्या सीटवर बसतो तिची झीज पेट्रोलमधल्या शिशामुळे कमी होत असे. सीट बदललेल्या नसतील तर अशी गाडी महामार्गावर दाबून पळवू नये. पन्नास-साठच्या वेगाने ती धुळ्याहून जळगावचे नव्वदेक किलोमीटर आरामात काढते.

प्लगच्या ठिणगीसाठी डिस्ट्रिब्यूटरमध्ये उघडझाप करणारे पॉइंट घासून त्यांची फट गाडीच्या पुस्तकातल्या मापाप्रमाणे लावावी, एक जादा कंडेन्सर, फॅनबेल्ट, पॉइंटचा सेट, दोन प्लग आणि फ्यूज डिकीत ठेवावेत. रेडिएटरचे होजपाइप दाबून पाहावेत. दाबल्यावर कुरकुरणारा पाइप बदलावा. टायरची नक्षी चांगली दिसली म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण आपल्या गाड्या कमी फिरतात आणि त्यांचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. टायरच्या बाजूवर चार आकडे छापलेले असतात, त्यांतले पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. दहा वर्षांपलीकडच्या टायरवर कुणीही जिल्हा ओलांडून येऊ नये. स्टेपनीचा आकडाही वाचावा, तिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही.

बॅटरीविषयी मी जरा अधिक आग्रहाने लिहितो. आमच्या घरची फियाट पद्मिनी वडिलांनी १९७८ साली घेतली आणि ती आजही आमच्याकडे आहे. एका भेटीत मुलांना दाखवण्यासाठी मी तिचे हेडलाइट अर्धा तास लावून ठेवले आणि परत निघताना सेल्फ फिरलाच नाही. धक्का मारण्यासाठी आलेल्यांपैकी एकाने दुसऱ्या गाडीवरून वायर जोडण्याची तयारी केली, तेव्हा तिथल्या मिस्तरींनी त्याचा हात धरला, कारण ज्या जुन्या इंग्रजी गाडीवरून वायर घ्यायची होती तिच्या बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले होते. आपल्याला सवयीच्या असलेल्या गाड्यांत ऋण टोक बॉडीला असते. वायर जोडलेली असताना दोन्ही गाड्यांच्या बंपरचा नुसता एकमेकांना स्पर्श झाला असता, तरी ठिणग्या उडाल्या असत्या. तेव्हापासून माझ्या यादीत दोन वाक्ये कायम आहेत. प्रत्येक गाडीचे कोणते टोक बॉडीला आहे हे आल्याबरोबर विचारून लिहून ठेवावे, आणि डायनामोच्या गाड्यांचे दिवे इंजिन मंद चालू असले तरी फार वेळ लावू नयेत, कारण मंद गतीला डायनामो जवळजवळ चार्ज करत नाही.

कागदपत्रे गाडीच्या डॅशबोर्डात असावीत. साध्या नोंदणीच्या खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावी लागते, त्याशिवाय विमा आणि पीयूसी चालू असले पाहिजेत. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेल्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम केले. त्यानुसार नव्या नोंदणीच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए ही अक्षरे येतात आणि शुल्क २०,००० रुपये आहे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा भाड्याने चालवता येत नाही; प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. म्हणून अशा गाडीच्या मालकाला भेटीचे तारीख-स्थळ असलेले छापील निमंत्रण आधी पोहोचवावे आणि त्याने ते कागदपत्रांसोबत ठेवावे. गाडी पूर्वीपासून नोंदलेली असेल तर तिचा जुना क्रमांक व्हिंटेज नोंदणीतही तोच राहू शकतो, ही गोष्ट अनेकांना माहीत नसते आणि वडिलांच्या वेळचा क्रमांक जाईल या भीतीने ते अर्जच करत नाहीत.

धुण्या-पुसण्यात संयम पाळावा, अशी माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे. भेटीच्या निमित्ताने नवा रंग मारू नये, क्रोम नसलेल्या जागी क्रोम चढवू नये आणि सीटवर चकचकीत रेक्झिन ओढू नये. स्टिअरिंगवरच्या गिअरच्या दांड्याला वर्षानुवर्षांच्या हाताने आलेली गुळगुळीत झाक, ड्रायव्हरच्या बाजूला दबलेली सीट, डिकीच्या झाकणावर विक्रेत्याची जुनी पट्टी, हे सगळे एकदा गेले की पुन्हा करता येत नाही. साधे पाणी, मऊ फडके आणि रबरी भागांना हलका हात एवढे पुरे आहे. धुतल्यानंतर गाडी चार-पाच किलोमीटर चालवून ब्रेक सुकवावेत.

गाड्या लावताना प्रत्येकीची रीत ध्यानात घ्यावी. ज्या फियाटला आपल्याकडे डुक्कर फियाट म्हणतात, तिचे पुढचे दरवाजे मागच्या बाजूला बिजागरीवर असतात आणि ते उघडल्यावर मागे पसरतात, म्हणून तिच्या बाजूला एक हात अधिक जागा सोडावी. १९६१ पासून मद्रासला बनू लागलेल्या स्टँडर्ड हेरल्डचे बोनेट मडगार्डांसकट पुढे कलते, त्यामुळे तिच्या नाकासमोर भिंत किंवा दुसरी गाडी असू नये. ते बोनेट उघडले की पुढची चाके, स्टिअरिंगची जोडणी आणि इंजिन एकदम समोर दिसते आणि मुलांना मोटार कशी चालते हे समजावण्यासाठी त्याहून चांगले चित्र नाही. महिंद्राची उंच बोनेटाची विलिज जीप कडेला लावावी, तिच्यावर मुले चढणारच. एकाच घराण्याच्या गाड्या शेजारी ठेवल्या तर पाहणाऱ्याला अधिक मिळते. १९६४ ची फियाट ११०० डिलाइट आणि १९७४ नंतर पद्मिनी या नावाने निघालेली गाडी यांच्या पुढच्या जाळ्या शेजारी-शेजारी पाहिल्या, की १०८९ सीसीच्या त्याच इंजिनावर कुर्ल्याच्या कारखान्याने काय बदलले आणि काय तसेच ठेवले ते न सांगता कळते. अ‍ॅम्बेसेडरचेही तसेच आहे. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेला तिचा सांगाडा १९५७ पासून २०१४ पर्यंत उत्तरपाड्याहून निघत राहिला, त्यामुळे तिचे दोन-तीन मार्क, म्हणजे वेगवेगळ्या काळातल्या आवृत्त्या, एका ओळीत लावण्याचा प्रयत्न जरूर करावा.

निमंत्रितांच्या यादीत पहिले नाव मिस्तरींचे लिहावे. ज्यांनी एकेक सुटा भाग भंगारातून शोधून या गाड्या चालत्या ठेवल्या, ते बहुधा अशा संध्याकाळी बोलावलेच जात नाहीत. त्यांना आणण्या-नेण्याची सोय करावी आणि बोनेट उघडे असताना त्यांच्याजवळ दोन तरुण बसतील असे पाहावे, कारण आवाजावरून टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची, फट ओळखण्याचे ज्ञान अजून कुठेही लिहिलेले नाही. व्यासपीठ, शाल-श्रीफळ, ध्वनिवर्धक आणि बक्षिसे यांपैकी काहीही ठेवू नये. पहिला-दुसरा क्रमांक आला की माणसे गाड्या पाहणे सोडून परीक्षकांकडे पाहू लागतात. खुर्च्या मात्र भरपूर ठेवाव्यात, त्याही गाड्यांच्या अगदी जवळ, कारण गाडी नसलेली वडीलधारी माणसेही येतात. मागच्या हिवाळ्यात एक आजोबा अ‍ॅम्बेसेडरच्या दारावर हात ठेवून म्हणाले, “मना बाप अशाच गाडीमा बशीसन लगीनले गयथा,” आणि पुढचा तासभर ते त्याच दाराजवळ बसून राहिले. मालकाने त्यांना आत बसवून आवारात एक फेरी मारून आणली. हातही लावू नये अशा पाट्या त्यामुळे आम्ही लावत नाही. मालकाला विचारावे, एवढेच फाटकावर लिहितो.

थंडीचे दिवस असल्यामुळे भरीत होणारच आणि ते व्हावेच. परंतु भरिताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली जातात आणि त्या काड्यांच्या ठिणग्या वाऱ्याने दूर जातात, तेव्हा भाजण्याची जागा आवाराच्या दुसऱ्या टोकाला आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला असावी. कोरड्या पावडरचे किमान दोन अग्निशामक गाड्यांच्या दोन टोकांना ठेवावेत आणि ते कसे चालवायचे हे चौघांना आधी दाखवून द्यावे. कळण्याची भाकरी, भरीत, ठेचा आणि चहा याहून मोठा बेत करू नये. पंगती बसल्या की गाड्या अंधारात एकट्या राहतात.

परतीची तयारी निघण्याआधीच ठरलेली असावी. रात्री या रस्त्यांवर उसाच्या आणि कापसाच्या ट्रॉल्या मागच्या दिव्याशिवाय चालतात आणि जुन्या गाडीच्या पिवळ्या दिव्यात त्या फार जवळ आल्यावर दिसतात. म्हणून एका दिशेला जाणाऱ्यांनी सोबत निघावे, सर्वांत सावकाश गाडी पुढे ठेवावी आणि हत्यारे व टो करण्याचा दोर असलेली गाडी शेवटी असावी. साडेआठच्या पुढे कुणालाही थांबवून घेऊ नये. आवाराचे फाटक लावणाऱ्याकडे सर्व गाड्यांची यादी असावी आणि प्रत्येक जण घरी पोहोचल्याचा निरोप आला, की त्याने त्या नावापुढे खूण करावी. घरी पोहोचलेल्याने गरम गाडीवर लगेच कव्हर ओढू नये, आत ओल धरते. सकाळी दव पुसून, इंजिनाखाली ऑइलचा किंवा पाण्याचा डाग पडला आहे का ते पाहून मगच ती झाकावी.