पळस फुलला आणि पान चिखललं: वसंतात स्केचबुक घेऊन बसताना या चुका टाळा

माघ सरत आला की काटेसावर फुलते, पाठोपाठ पळस आणि पांगारा. हुरूप येतो, नवी वही येते आणि चौथ्या पानावर घोडं पेंड खातं.

पहिली चूक म्हणजे सुरुवातीलाच अख्खं झाड काढायला घेणं. हाती लागतात फक्त तपकिरी फांद्यांवरचे केशरी ठिपके. त्यापेक्षा खाली पडलेलं एक फूल उचला. पळसाची एक पाकळी चोचीसारखी वाकलेली असते. संस्कृतात त्याला किंशुक म्हणतात, म्हणजे ‘हा पोपट की काय?’ ती चोच जमली की फूल ओळखू येतं. देठाजवळचा काळपट, मखमली पेला मात्र विसरू नका. तो गडद रंगवल्याशिवाय केशरी पेटत नाही. नुसता शेंदूर कितीही ओता.

रंग मळतोय? आकाशाचा निळा ओला असतानाच त्यावर केशरी टेकवलात, म्हणून. हे दोन रंग एकमेकांत मिसळले की राखाडी-तपकिरीच होणार. फुलांची जागा आधी कोरी सोडा, नाहीतर निळा पूर्ण वाळू द्या.

कागदाला पोपडे आल्यासारख्या लाटा येत असतील तर तो ७०-८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) असेल. जलरंगाला निदान २०० हवा. पातळ वही घेऊन झालीच असेल तर फेकू नका, रंगीत पेन्सिली वापरा.

फाल्गुनातल्या उन्हात रंग पसरायच्या आत वाळतो आणि कडा उमटतात. सकाळी नऊच्या आत बसा, ब्रशात पाणी जास्त घ्या. पान सावलीत धरा. उन्हात पांढरा कागद इतका चकाकतो की रंग फिका वाटतो, आपण दाट लावत जातो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. गॉगल तर काढाच!

मी एकदा कुसुमाच्या झाडाखाली ‘लाल फुलं’ असं ठसठशीत लिहून आले होते. ती कोवळी पालवी होती. तेव्हापासून जवळ जाऊन, हात लावून मगच नाव लिहिते.

आणि तारीख, ठिकाण घालाच. पिंपळाची तांबूस पानं काही दिवसांत हिरवी होतात. त्याच फांदीपाशी चार-पाच दिवसांनी पुन्हा जा, शेजारच्याच पानावर काढा. आधीचं खोडू नका.